लाइन नसताना बदललेले सेल

ते सेल मी बदलले होते. इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या चुलतभावाने ती चूक आपलीच समजून अंगावर घेतली, काकांनी ती त्याच्या नावावर कायमची लावून टाकली, आणि मी त्या दोघांच्या मधे उभा राहून गप्प बसलो. चूक अजाणतेपणी झाली होती. गप्प मात्र मी जाणूनबुजून बसलो.

माझे वडील मी शाळेत असताना वारले. काकांनी मला आणि आईला नेरला आणलं, आपल्या घरात ठेवलं, मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. अमरावती रोडला त्यांचं वर्कशॉप होतं. तीन-चार लेथ, एक शेपर, ड्रिल, वेल्डिंग, वर टिनाचं छप्पर. आजूबाजूच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचं, सगळं काम आमच्याकडे यायचं. रोलर, सुऱ्या, शाफ्ट, पुल्या. कापूस बरा आला की दसऱ्यापासून होळीपर्यंत आम्हाला डोकं वर काढायला सवड नसायची. दादा म्हणजे काकांचा एकुलता मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला लहान्या.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडलेला, बोंडअळी, कधी पाणी नाही तर कधी नको तेव्हा. गावात कोणी कोणाला पिकाबद्दल विचारेनासं झालं. जिनिंग एकेक करून बंद पडू लागल्या. ज्या चालू होत्या त्या सुरी पार झिजेपर्यंत बदलत नव्हत्या. आमच्या शॉपमध्ये दुपारी लेथवाला लेथलाच टेकून डुलक्या काढायचा.

दादाचं म्हणणं होतं की नुसत्या जिनिंगवर आता आपलं निभणार नाही. अमरावतीत पंपांचे कारखाने आहेत, वणीकडे सिमेंट आहे, कोळसा आहे. त्यांना नेमक्या मापाचे पार्ट लागतात आणि ते सीएनसी मिलिंगशिवाय, म्हणजे आत भरलेल्या आकड्यांवर आपोआप कापणाऱ्या मशीनशिवाय, होत नाहीत. नवी मशीन आमच्या आवाक्यातली नव्हती. पुण्याकडच्या एका बंद कारखान्याच्या लिलावातून दादाने जुनी उचलली. काकूने काकांना कसंबसं राजी केलं होतं.

ट्रक आला तेव्हा काका शॉपच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. ताडपत्री निघाली. आतून हिरवट, तेलकट, जागोजागी पोपडे गेलेलं ते धूड बाहेर आलं.

"हे काय आणलं बे? तोफ?" काका म्हणाले.

"मशीन आहे बाबा."

"मशीन असती तर त्यायनं विकली असती काय?"

"त्यायले चालवता नाई आली. मले येते."

"तुले मोटरसायकल धड चालवता येत नाई. मागच्या पोळ्याले नालीत घातली होती."

सगळे हसले, दादाही हसला. पण लोखंडी पाइपांवरून ती मशीन आत ढकलताना त्याचा चेहरा मी पाहिला. ही मशीन चालली तर काका शॉप त्याच्या हातात देतील, नाही चालली तर तो मरेपर्यंत काकांच्या हाताखालचा पोऱ्या राहील, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकांनी ते बोलून दाखवलं होतं.

तो सगळा उन्हाळा आणि पावसाळा आम्ही त्या मशीनवर घातला. आधी आतला गाळ काढला. कुजलेलं कुलंट, म्हणजे कापताना ओतायचं थंडाव्याचं पाणी, आणि बारीक बुरादा यांचा काळा चिखल होता, त्याचा वास आंघोळ केली तरी जायचा नाही. आई मला ताटावर बसू द्यायची नाही. तेलाच्या नळ्या तुंबलेल्या होत्या, त्या एकेक सोडवून फुंकल्या. टेबल ज्या पट्ट्यांवरून सरकतं त्या पट्ट्या मधोमध झिजून खोल झाल्या होत्या. दादा त्यांना निळा रंग चोपडायचा, वर सपाट पाटी घासायचा, आणि जिथे रंग पुसला जाईल तिथला उंचवटा हातातल्या स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा पाटी, पुन्हा खरवडणं. मी कंटाळून बाहेर चहाला जायचो. तो कंटाळायचा नाही. तोंडाने मात्र अखंड बडबड. मशीनला शिव्या, कारखानेवाल्यांना शिव्या, आणि मधेच मशीनकडे बोट करून मला, "पाय ना बे, बाई कशी गोरी निघून राह्यली."

एक अडचण खास आमच्या गावची होती. हवेत रुई. शेजारच्या जिनिंगमधून उडालेले तंतू मशीनच्या कंट्रोलच्या कपाटात शिरायचे आणि पंख्यांना गुंडाळून बसायचे. काकूने जुन्या लुगड्याचं कापड दुहेरी शिवून जाळीला लावून दिलं. तिला त्या मशीनचं कौतुक होतं. पहिल्यांदा मशीनने अॅल्युमिनियमचा ठोकळा कापला तेव्हा दादाने तो धावत घरी नेला आणि काकूच्या हातात दिला. तिने त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "तुह्या बापाले दाखव." दादा म्हणाला, "दसऱ्याले दाखवतो. पूजा झाली की त्यायच्यासमोर चालवतो."

आता सेलांचं सांगतो.

त्या मशीनचं डोकं म्हणजे ते कपाट. त्यातल्या एका कार्डावर मशीनची मापं साठवलेली असत. टेबल कुठे थांबायचं, किती वेगाने सरकायचं, स्क्रूमधली ढिलाई किती धरायची, असे शेकड्यांनी आकडे. लाइन असेपर्यंत, म्हणजे वीज असेपर्यंत, ते टिकत. लाइन गेली की कपाटाच्या दारामागे बसवलेल्या सेलांवर टिकत. साधे टॉर्चचे जाड सेल. कारखान्याने दिलेला आकड्यांचा कागद तेलात भिजून गेला होता, आणि पट्ट्या खरवडून, बेअरिंगं बदलून मशीनच नवी झाल्यामुळे जुने आकडे तसेही कामाचे नव्हते. दादाने डायल लावून, टेबल केसभर इकडे, केसभर तिकडे करून सगळे आकडे नव्याने बसवले होते. ते कागदावर उतरवून ठेवायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं आणि इंग्रजी बरं. मी उद्या-उद्या करत होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादाला फुलसावंगीला जावं लागलं. तिथल्या एका जिनिंगचा शाफ्ट ऐन तोंडावर तुटला होता. निघताना म्हणाला, "सेल संपत आले म्हणून दाखवून राह्यली स्क्रीनवर. नवीन आणून ठेवले आहेत. आलो की बदलतो."

त्या काळात भारनियमन होतं. सकाळी लाइन जायची ती दुपारीच यायची. काकांच्या शॉपचे दोन नियम होते. लाइन गेली की रिकामं बसायचं नाही. साफसफाई, तेलपाणी, पट्टे बदलणं, सगळं त्या वेळात उरकायचं. आणि लाइन चालू असताना कोणत्याही पेटीत हात घालायचा नाही. हा दुसरा नियम त्यांनी भोगून शिकलेला होता. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं शॉक लागल्यापासून वाकडी होती. दोन्ही नियम माझ्या अंगात भिनलेले होते.

त्या सकाळी लाइन गेली. लेथवाले मशीनी पुसून, झेंडूच्या माळांसाठी दोऱ्या बांधून चहाला गेले. मी एकटाच होतो. मला वाटलं, या मशीनला सगळे दादाची मशीन म्हणतात, मीही काही केलेलं असावं. मी दार उघडलं, जुने सेल काढले, पॉलिश पेपरने पत्र्या घासल्या, निवांतपणे नवे बसवले. लाइन बंद आहे म्हणून मी अगदी निर्धास्त होतो. बाकी कुठल्याही मशीनवर तेच बरोबर ठरलं असतं. या एकाच मशीनचे सेल लाइन चालू ठेवून बदलायचे असतात, नाहीतर मधल्या त्या क्षणात तिच्या आठवणीला कसलाच आधार राहत नाही.

दुपारी लाइन आली. मी मशीन चालू केली. स्क्रीन लाल-हिरव्या इशाऱ्यांनी भरून गेली. आकड्यांचं पान उघडलं तर शून्य. पुढचं पान, शून्य. काय झालं ते मला लगेच कळलं, आणि इथपर्यंत जे झालं ते चुकून झालं होतं. यानंतर मी नवे सेल काढले, पाकिटात जसे होते तसे भरले आणि जुने पुन्हा दारामागे बसवून ठेवले.

दादा संध्याकाळच्या बसने आला तो घरी न जाता थेट शॉपमध्ये. पिशवी खांद्यालाच होती. स्क्रीन पाहून त्याने ती खाली ठेवली.

"कोणी हात लावला काय रे?"

"नाई," मी म्हणालो. "लाइन आल्यावर लावली तर असंच."

त्याने दार उघडून सेल काढले, मीटर लावला. मीटरकडे पाहिलं, सेल फिरवून पुन्हा लावला. बराच वेळ तो ते हातात धरून उभा होता.

"गेले बे सेल," तो शेवटी म्हणाला. "सकाळी निघायच्या आधी बदलले असते तर पाच मिनिटाचं काम होतं. बस चुकीन म्हणून ठेवून गेलो." मग माझ्याकडे वळून, "तू आकडे उतरवून घेतले ना?"

"थोडेसे."

मी एकही ओळ उतरवली नव्हती. तो समजला असावा. स्टुलावर बसला, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाबाले सांगू नको तुह्याकडं होतं ते काम म्हणून. कायले तुलेही बोलणी. मी पायतो काय ते."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. तो मला एका लहान चुकीपासून वाचवत होता.

दसऱ्याला काका पांढरी टोपी घालून आले. सगळ्या मशीनींना हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. अमरावतीच्या पंपाच्या कारखान्यातले एक साहेब दादाने मुद्दाम बोलावले होते. मशीन पाहून ते काम देणार होते. दादाने मशीन का चालत नाही ते सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे टॉर्चचे सेल संपले अन् हत्ती मेला," ते म्हणाले.

"मेली नाई बाबा. आकडे पुन्हा बसवा लागन. दिवाळीपर्यंत द्या मले."

"आज सेलानं मेली, उद्या उंदरानं मरन. साहेब, तुम्ही जिलबी घ्या. आमचा पोरगा हुशार आहे, फक्त सेल बदलाचं ध्यानात राहत नाई त्याच्या."

साहेबांनी जिलबी घेतली, घड्याळ पाहिलं, निघून गेले. दादा हातात पूजेचं ताट घेऊन तसाच उभा होता.

मशीनचा निकाल मात्र त्या दिवशी लागला नाही. काका रागावले की बोलायचे आणि नंतर विचार करायचे. चार-सहा दिवसांनी त्यांनी मला घरी पडवीत बोलावलं. जिनिंग सुरू व्हायची लक्षणं नव्हती, ते खचलेले दिसत होते. म्हणाले, "तू शिकलेला आहेस. पोटच्या पोरापेक्षा तुह्यावर भरोसा आहे मले. खरं सांग, ही मशीन ठेवाची काय?"

तेव्हा बोलायला हवं होतं. सेल मी बदलले, मशीन ठणठणीत आहे, दादाला दिवाळीपर्यंत वेळ द्या, एवढंच सांगायचं होतं. पण हा माणूस मला पोटच्या पोराच्या वर मानतो आहे, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. बाप नसलेल्या मुलाला ते फार गोड लागतं. शिवाय खरं सांगितलं की सेल परत बसवल्याचंही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "काका, अशा जुन्या मशीनचा भरोसा नाई देता येत."

त्यांनी मान हलवली. पुढच्याच आठवड्यात भंगारवाला आला. मशीन अखंड उचलत नव्हती म्हणून त्याच्या माणसांनी ती गॅसने कापली. ज्या पट्ट्या दादाने उन्हाळाभर खरवडल्या होत्या त्यांचे तुकडे ट्रकमध्ये पडतानाचा आवाज घरापर्यंत येत होता. काकू आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. दादा शॉपमध्ये नव्हता. तो कुठे गेला होता ते मी कधी विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर तो बायको आणि लहान मुलीला घेऊन वणीकडे राजूरला गेला. तिथे कोळशाच्या ठेकेदाराकडे डंपर दुरुस्तीच्या कामाला लागला. शॉप माझ्याकडे आलं. कसंबसं चाललं, अजून चालतं. काकू वारली तेव्हा दादा तेरा दिवस नेरला राहिला. बापलेक बोलायचे ते तेवढ्यापुरतं, जेवण झालं का, बस किती वाजता आहे.

आणि काका ती गोष्ट सांगायचे. पाहुणा कोणीही येवो, चहा झाला की सुरू. "हा पुतण्या होता म्हणून टिकलो. आमच्या पोरानं तर टॉर्चच्या सेलापायी अख्खी मशीन घालवली." माणसं हसायची. काकांचा त्यात दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना ती गोष्ट खरी वाटत होती, आणि ती खरी वाटावी याची सोय मी केली होती.

यंदा दादाच्या मुलीचा साखरपुडा वणीला झाला. मंगल कार्यालयात जेवणं झाल्यावर सोयरे मंडळी खुर्च्यांवर गोल करून बसली. काका आता थकलेत, कमी ऐकू येतं, पण गोष्ट त्यांना पाठ आहे. त्यांनी ती व्याह्यांना सांगायला घेतली. दादा वाढप्यांना मदत करत पाण्याचा जग घेऊन फिरत होता. गोष्ट संपल्यावर होणाऱ्या जावयाने, तो इंजिनिअर होता, सहज विचारलं, "मग मामाजी, सेल बदलले काहून नाई?"

"आळस," दादा हसत म्हणाला. "दुसरं काय."

त्याची मुलगी शेजारी बसली होती. नव्या शालूत, हिरव्या चुड्यात. ती हसली नाही. बापाला आपल्या सासरच्या माणसांसमोर आळशी म्हणवून घेताना पाहून तिने मान खाली घातली आणि शालूचा काठ बोटाला गुंडाळत बसली. ती राजूरला गेली तेव्हा कडेवर होती. तिने बापाबद्दलची हीच एक गोष्ट जन्मभर ऐकली होती.

मी दादाला हात धरून मागच्या अंगणात नेलं. तिथे आचारी भांडी घासत होते. मी त्याला सगळं सांगितलं, न थांबता, त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहत. माझं झाल्यावर त्याने विचारलं, "लाइन बंद असताना काढले?"

"हो."

"अन् मंग जुने परत लावले."

"हो."

तो पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला. "मीटरवर जान दाखवत होते ते सेल," तो म्हणाला. "थोडी होती, पण होती. मले तवाच वाटलं होतं, एवढी जान असताना आकडे जातील कसे. लई दिवस डोक्यात होतं माह्या. मंग म्हटलं, जाऊ दे, आपल्याले काही कळत नाई." पुढे म्हणाला, "इथं ठेकेदारानं दोनदा विचारलं, नागपूरले सीएनसीवर जाते काय. दोन्ही वेळा नाई म्हटलं मी."

मी रडत होतो. त्याने मला रडू नको म्हटलं नाही आणि शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"बाबानं विचारलं होतं ना तुले? ठेवाची काय म्हणून?"

"विचारलं होतं."

"काय सांगतलं तू?"

मी तेही सांगितलं. तो उठला. जग त्याने कठड्यावरच ठेवला.

"मले सांगून काय होते लहान्या? मले तर कळलं आता. ज्याले माहीत नाई त्याले सांग."

आम्ही आत आलो. मंडळी तशीच बसली होती. मी काकांच्या खुर्चीपुढे खाली बसलो आणि हळू आवाजात सांगायला लागलो. त्यांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणते? मोठ्यानं बोल. ऐकू नाई येत."

मला मोठ्याने बोलावं लागलं. व्याही, विहीणबाई, जावई, सगळे माझ्याकडे पाहू लागले. दादाची मुलगीही.

"काका, मशीन दादानं नाई घालवली. मी घालवली. तो फुलसावंगीले गेलता तवा लाइन बंद असताना सेल मी काढले, अन् मंग लपवलं. मशीन चांगली होती. त्याचं काम चांगलं होतं. तुम्ही मले पडवीत विचारलं तवा मी तुमच्याशी खोटं बोललो, अन् तुम्ही जवा जवा ते सांगतलं तवा तवा मी बाजूले बसून ऐकलं."

काकांचा वाकड्या बोटांचा हात कानामागेच राहिला होता. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या दादाकडे पाहत होते. मग मीही वळलो, त्याच्या मुलीच्या देखत त्याच्यापुढे हात जोडले आणि म्हणालो, "दादा, तुह्यापासून तुहा बाप अन् तुहं काम, दोन्ही मी हिसकले. मले माफ कर."